‘जैवविघटनशील’ : कोठे आणि किती दिवसांत?

प्लॅस्टिकवरील संशोधनाच्या नियतकालिकांत गेली पंचवीस वर्षे एका विशिष्ट प्रकारचा शोधनिबंध सातत्याने येत आहे. त्याचा साचा ठरलेला असतो. जैवविघटनशील म्हणून ओळखले जाणारे एखादे पॉलिएस्टर घ्यायचे, त्यात शेकडा तीन ते पाच या प्रमाणात एखाद्या खनिजाचे अतिसूक्ष्म कण मिसळायचे, तयार झालेल्या पदार्थाच्या पट्ट्या ओढून, वाकवून, तापवून पाहायच्या आणि शेवटी काही तुकडे कुजायला ठेवायचे. समारोपाचे वाक्यही जवळजवळ ठरलेले असते : पदार्थाची ताकद वाढली आणि त्याची जैवविघटनशीलता कायम राहिली.

हे वाक्य नियतकालिकातून वृत्तपत्रात येते, तेथून पिशवीवर छापले जाते आणि अखेर वर्गात पोहोचते. ‘सर, आता मातीत विरघळून जाणारे प्लॅस्टिक निघाले आहे ना?’ असा प्रश्न विद्यार्थी विचारतो, तेव्हा ‘हो’ म्हणणे सोपे असते. या लेखात त्या एका वाक्याचीच तपासणी करावयाची आहे. वाक्याचा पूर्वार्ध बहुधा खरा असतो. उत्तरार्ध मात्र जसा लिहिला जातो तसा खराही नसतो आणि खोटाही नसतो. तो अपुरा असतो. कोठे, किती तापमानाला आणि किती दिवसांत हे सांगितल्याखेरीज ‘कुजते’ या क्रियापदाला अर्थ येत नाही.

पॉलिएस्टर का कुजते?

आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून एस्टर तयार होते व पाणी बाहेर पडते, हे विद्यार्थी दहावीत शिकतात. हीच क्रिया उलट दिशेनेही होते. पाण्याचा रेणू एस्टर बंधाला तोडतो आणि आम्ल व अल्कोहोल परत मिळतात. असे हजारो बंध एकापुढे एक जोडून झालेली साखळी म्हणजे पॉलिएस्टर. पॉलिथिनच्या साखळीत केवळ कार्बन-कार्बन बंध असतात. तेथे पाण्याला शिरकाव करायला जागा नाही. पॉलिएस्टरमध्ये ती ठरावीक अंतराने असतेच.

गंमत अशी, की हा गुण एके काळी दोष मानला गेला होता. १९३० च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांनी सरळ साखळीची अनेक पॉलिएस्टरे तयार केली. ती कमी तापमानाला वितळत आणि पाण्यापुढे टिकत नसत. कापडाच्या धाग्यासाठी ती निरुपयोगी ठरली आणि कॅरदर्स दुसऱ्या रसायनांकडे वळले. त्यातून पुढे नायलॉन आले. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी साखळीत बेंझिनचे कडे असलेले टेरेफ्थॅलिक आम्ल गुंफले आणि टिकाऊ पॉलिएस्टर मिळवले. आपल्या शर्टात आणि पाण्याच्या बाटलीत आहे ते हेच. तेही पॉलिएस्टरच आहे, पण ते पिढ्यान्‌पिढ्या पडून राहते. तेव्हा ‘पॉलिएस्टर म्हणजे कुजणारे’ असे समीकरण मांडता येत नाही. साखळीत एस्टर बंध असणे ही झाली संधी. तिचा लाभ पाण्याला आणि जिवाणूंना घेता येतो की नाही, हे शेजारच्या अणुगटांवर आणि परिस्थितीवर अवलंबून असते.

कुजणाऱ्या पॉलिएस्टरांत आज सर्वांत परिचित आहे ते पॉलिलॅक्टिक आम्ल. दह्याला आंबटपणा आणणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे रेणू जोडून ते बनते आणि हे आम्ल मक्यापासून वा उसापासून मिळणाऱ्या शर्करा आंबवून मिळवतात. त्याचे विघटन दोन टप्प्यांत होते. आधी पाणी साखळ्या तोडते. मूळचा लाखाच्या घरातील रेणुभार उतरत उतरत दहा हजारांच्या आसपास आला, की मग सूक्ष्मजीव ते लहान तुकडे खाऊ लागतात. पहिला टप्पा झालाच नाही, तर दुसऱ्याची वेळ येत नाही. हा क्रम ध्यानात ठेवावा; पुढच्या सगळ्या वादाची किल्ली त्यात आहे.

माती कशासाठी मिसळतात?

पॉलिलॅक्टिक आम्ल मजबूत आहे, पण ठिसूळ आहे. त्याचे ताणबल ५० ते ७० मेगापास्कल भरते, मात्र ओढल्यावर ते शेकडा पाचाच्या आसपासच लांबते आणि तुटते. शिवाय ५५ ते ६० अंश सेल्सियसला ते मऊ पडते. त्याच्या साध्या पेल्यात उकळता चहा ओतला तर पेला आकार सोडतो. ऑक्सिजनलाही ते पुरेसे अडवत नाही. हे दोष दूर करण्यासाठी त्यात खनिज मिसळण्याची कल्पना पुढे आली.

सर्वाधिक वापर झाला तो मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीतील खनिजाचा. फ्रान्समधील मॉन्टमोरिलाँ या गावावरून त्याला हे नाव मिळाले. कच्छ आणि बाडमेर येथे निघणाऱ्या बेंटोनाइटमध्ये ते मुख्य घटक असते. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीतही याच कुळातील खनिजांचे प्राबल्य आहे. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी शेतजमीन पाहिली, की या खनिजाचा स्वभाव कळतो. त्याचा प्रत्येक कण म्हणजे पत्त्यांची गड्डी असते. पत्त्यांमध्ये पाणी शिरले की गड्डी फुगते, निघून गेले की आक्रसते.

यातील एक पत्ता सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, एवढा जाड असतो. गड्डी सोडवून सगळे पत्ते सुटे केले तर किती पृष्ठभाग मिळेल, याचे गणित वर्गात करता येईल. खनिजाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे २.६ ग्रॅम धरा. एक ग्रॅम खनिज एक नॅनोमीटर जाडीत पसरले तर एका बाजूने सुमारे ३८५ आणि दोन्ही बाजू मिळून सुमारे ७७० चौरस मीटर क्षेत्र होते. चिमूटभर माती आणि पृष्ठभाग मात्र टेनिसच्या तीन मैदानांएवढा! एवढ्या पृष्ठभागाला साखळ्या बिलगल्या की पदार्थ कडक होतो, आणि आडव्या पसरलेल्या पत्र्यांना वळसा घालत जावे लागल्याने ऑक्सिजन व पाण्याची वाफ यांची वाट लांबते.

ही करामत प्रथम गाजली ती नायलॉनमध्ये. जपानमधील टोयोटाच्या मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळेने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नायलॉन-६ मध्ये शेकडा पाचाहून कमी मॉन्टमोरिलोनाइट मिसळले. भाराखाली आकार सोडण्याचे त्याचे तापमान ६५ अंशांवरून १४० अंशांच्या पुढे गेले आणि मोटारीच्या इंजिनातील पट्ट्याचे झाकण त्यापासून बनू लागले. यशाचा हा दाखला समोर असताना कुजणाऱ्या पॉलिएस्टरांवर तोच प्रयोग होणे स्वाभाविक होते.

एक अडचण होती. माती पाण्याची मैत्रीण, तर पॉलिएस्टर पाण्याला फटकून राहणारे. म्हणून पत्त्यांमधील सोडियमचे आयन काढून तेथे लांब कार्बन-शेपटीचे अमोनियम आयन बसवतात. म्हणजे जी ‘माती’ मिसळली जाते ती शेतातली माती राहत नाही. ती रसायनाने मुरवलेली माती असते. निबंधाच्या शीर्षकात हे बहुधा दिसत नाही.

एकाच वर्षातील दोन निष्कर्ष

अशी माती मिसळल्यावर पॉलिएस्टर अधिक वेगाने कुजते की सावकाश? २००२ साली याची दोन उत्तरे प्रसिद्ध झाली. दक्षिण कोरियातील चँग-सिक हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सरळ साखळीच्या पॉलिएस्टरवर काम केले. माती मिसळल्याने विघटन मंदावले, असे त्यांना आढळले. त्यांचे स्पष्टीकरण असे, की पत्र्यांच्या अडसरामुळे आत शिरणाऱ्यांची वाट लांबली. त्याच वर्षी नागोया येथील टोयोटा तंत्रज्ञान संस्थेत सुप्रकाश सिन्हा राय, मासामी ओकामोतो आणि सहकाऱ्यांनी पॉलिलॅक्टिक आम्लात माती मिसळली. त्यांना कंपोस्टमध्ये विघटनाचा वेग वाढलेला दिसला. त्यांच्या मते पत्र्यांच्या कडांवर असलेले हायड्रॉक्सिल गट पाणी धरून ठेवतात आणि एस्टर बंध तोडण्यास चालना देतात.

दोन्ही स्पष्टीकरणे पटण्याजोगी आहेत आणि नेमकी येथेच समीक्षकाने सावध व्हावे. निष्कर्ष कोणताही आला तरी त्याला शोभेल असे कारण हाताशी असेल, तर त्या कारणाची परीक्षा झालेली नाही असे समजावे. अडसर हे कारण असेल तर त्याच पट्टीतून वाफ किती झिरपते हे मोजून आकडे शेजारी मांडले पाहिजेत. हायड्रॉक्सिल गट हे कारण असेल तर ते झाकलेली माती वापरून वेग उतरतो का, हे पाहिले पाहिजे. शिवाय दोन्ही गटांचे पॉलिएस्टर वेगळे होते. ‘माती मिसळल्याने विघटनावर काय परिणाम होतो?’ हा प्रश्नच त्यामुळे सैल ठरतो.

पुढील वर्षांत असे निबंध मोठ्या संख्येने आले. उत्तर कधी इकडे, कधी तिकडे झुकत राहिले. यात संशोधकांचा खोटेपणा नाही. विघटनशीलता हा घनतेसारखा पदार्थाचा स्वतःचा गुणधर्म आहे, असे गृहीत धरून तो एका आकड्यात बसवण्याचा प्रयत्न झाला, हे खरे कारण आहे.

मोजमापातील कच्चे दुवे

या निबंधांवर माझा मुख्य आक्षेप तापमानाविषयी आहे. कंपोस्टमधील प्रमाणित चाचणी ५८ अंश सेल्सियसला होते, कारण मोठ्या कंपोस्ट-कारखान्यातील ढीग तेवढे तापतात. पॉलिलॅक्टिक आम्ल मऊ पडते तेही याच तापमानाला. मऊ पडलेल्या साखळ्यांत पाणी सहज शिरते, पहिला टप्पा झपाट्याने पार पडतो. परसातील खड्ड्याचे तापमान २५ ते ३५ अंश. तेथे साखळ्या ताठ असतात आणि तोच टप्पा कमालीचा लांबतो. ५८ अंशांना मिळालेल्या निष्कर्षावरून ‘मातीत कुजते’ म्हणणे, म्हणजे कुकरमध्ये डाळ शिजली यावरून ती उन्हात ठेवूनही शिजेल असे म्हणण्यासारखे आहे.

दुसरा दुवा वजनाचा. पुष्कळ निबंधांत पट्टी पुरून ठेवतात, ठरावीक दिवसांनी काढून धुतात आणि घटलेले वजन म्हणजे विघटन असे धरतात. पण ठिसूळ झालेल्या पट्टीचे कण धुताना गळून गेले तरी वजन घटते. ते कण कोठे गेले? मातीतच. नुसते तुकडे होणे आणि जैवविघटन यांत फरक आहे. जिवाणूंनी पदार्थ खाल्ला याचा भरवशाचा पुरावा म्हणजे बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड. पॉलिलॅक्टिक आम्लात वजनाने निम्मा कार्बन असतो. १०० ग्रॅम पट्टीत ५ ग्रॅम खनिज असेल, तर ९५ ग्रॅम पॉलिएस्टरमधील ४७.५ ग्रॅम कार्बनपासून जास्तीत जास्त १७४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळू शकेल. त्यापैकी किती मिळाला, हे सांगितले तर विधान तपासता येते. खनिज काही कुजणारे नाही. ते मातीत परत जाते. पण त्याच्याबरोबर बसवलेल्या अमोनियम क्षारांचे काय? त्यांच्या कुळातील काही क्षार आपण जंतुनाशक म्हणून वापरतो. जो पदार्थ जिवाणूंच्या भरवशावर कुजायचा, त्यातच त्यांना मारक ठरू शकणारे द्रव्य असेल, तर त्याचा हिशेब निबंधात यायला हवा.

तिसरा दुवा तुलनेचा. माती मिसळताना पॉलिएस्टर १९० अंशांच्या आसपास वितळवून घुसळतात. मातीतील ओल आणि क्षार यांमुळे त्याच वेळी काही साखळ्या तुटतात. म्हणजे कुजायला ठेवण्याआधीच मिश्र पट्टीचा रेणुभार साध्या पट्टीपेक्षा उतरलेला असू शकतो. उलट खनिजकणांभोवती स्फटिक लवकर जमतात आणि स्फटिकमय भाग सावकाश कुजतो. आरंभीचा रेणुभार आणि स्फटिकता न देता दोन पट्ट्यांची शर्यत लावली, तर ती समान रेषेवरून सुटलेली नसते.

चौथा आक्षेप पूर्वार्धावरच आहे. ‘ताकद वाढली’ म्हणताना बहुतेक वेळा कडकपणा वाढलेला असतो. तुटण्यापूर्वी पट्टी किती लांबते हा आकडा बहुधा खाली आलेला असतो आणि तो सारांशात न येता आतल्या तक्त्यात राहतो. आधीच ठिसूळ असलेल्या पदार्थाला आणखी कडक करणे हे पेल्याला चालेल. पिशवीला चालेलच असे नाही.

दोन घड्याळांची भाषा

मग प्रामाणिक विधान कसे असते? त्याचा नमुना कुजणाऱ्या पॉलिएस्टरच्याच इतिहासात आहे. शस्त्रक्रियेनंतर शरीरात आपोआप विरणारे टाके १९७० च्या दशकापासून याच कुळातील पदार्थांचे बनत आले आहेत. ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लांपासून बनणाऱ्या पॉलिग्लॅक्टिन ९१० या धाग्याविषयी शल्यचिकित्सकाला सांगितलेले असते, की दोन आठवड्यांनी त्याचे सुमारे ७५ टक्के आणि तीन आठवड्यांनी सुमारे ५० टक्के बळ शिल्लक राहते व ५६ ते ७० दिवसांत तो पूर्ण शोषला जातो. येथे जागा ठाऊक आहे : मानवी शरीर, तापमान ३७ अंश. ताकद आणि विघटन यांची दोन घड्याळे एकाच धाग्यावर, एकाच परिस्थितीत लावलेली आहेत. जखम कधी भरेल हे डॉक्टरला माहीत असल्याने तो या विधानावर विसंबून निर्णय घेऊ शकतो.

नॅनोखनिजांच्या निबंधांत नेमके हेच नसते. ताकद पहिल्या दिवशी, कोरड्या पट्टीवर मोजलेली. विघटन दुसऱ्याच पट्टीवर, ओल्या आणि तप्त कंपोस्टमध्ये मोजलेले. दोन्ही आकडे खरे. पण त्यांना ‘आणि’ने जोडले की जे चित्र उभे राहते, ते कोणी पाहिलेले नसते.

पिशवीवरचा शब्द

प्रयोगशाळेबाहेर काय घडते, याची परीक्षा इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या इमोजन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी केली. निरनिराळ्या दाव्यांच्या पिशव्या त्यांनी तीन वर्षे माती, समुद्र आणि उघडी हवा यांत ठेवल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘बायोडिग्रेडेबल’ असे छापलेली पिशवी तीन वर्षे मातीत आणि समुद्रात राहूनही बाजारहाटाचे वजन पेलू शकत होती. ‘कंपोस्टेबल’ पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली. मातीत मात्र २७ महिन्यांनंतरही होती, फक्त वजन पेलत नव्हती. एकच पिशवी, दोन जागा आणि दोन उत्तरे!

आपल्याकडेही हा प्रश्न कागदावरचा नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना जाडीच्या अटीतून सूट दिली. त्यासाठी १७०८८ क्रमांकाच्या मानकाची पूर्तता आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. मानक चांगले आहे. त्यात तुकडे होण्याची आणि कार्बन डायऑक्साइडची परीक्षा वेगवेगळी आहे. पण ते कंपोस्ट-कारखान्यासाठी आहे. पिशवी त्या कारखान्यात पोहोचलीच नाही, नाल्यात किंवा गावाबाहेरच्या उकिरड्यावर गेली, तर प्रमाणपत्रातील अक्षर न्‌ अक्षर खरे असूनही पिशवी तशीच पडून राहू शकते. २०२४ च्या दुरुस्तीने जैवविघटनशील प्लॅस्टिकच्या व्याख्येत विशिष्ट पर्यावरणाचा उल्लेख आणला आणि सूक्ष्म प्लॅस्टिक मागे राहू नये अशी अट घातली. ‘कोठे?’ हा प्रश्न कायद्यालाही टाळता आला नाही, असा याचा अर्थ.

‘कुजते’ हा शब्द माणसाचा हात सैल करतो, हा खरा धोका आहे. पिशवी विरघळणारच आहे असे मनात बसलेला मुलगा ती सहलीत बिनदिक्कत फेकतो. त्याला तसे वाटायला लावणारे वाक्य आपणच शिकवले असेल, तर त्याची जबाबदारी आपल्यावर येते.

वर्गात काय करावे?

याची परीक्षा शाळेत घेता येते आणि तिला फारसा खर्च नाही. प्रमाणपत्र असलेल्या कंपोस्ट होणाऱ्या पिशवीच्या, वर्तमानपत्राच्या कागदाच्या आणि साध्या पॉलिथिनच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. काही कुंडीतील ओल्या मातीत पुराव्यात, काही खतखड्ड्याच्या मधोमध. दोन्हीकडे थर्मामीटर खुपसून तापमान दर आठवड्याला लिहून ठेवावे. दर पंधरा दिवसांनी एकेक पट्टी काढून, तिला वजने टांगून ती किती पेलते हे पाहावे आणि उरलेले तुकडे चाळून, वाळवून तोलावेत. म्हणजे दोन्ही घड्याळे एकाच तक्त्यात येतील. बंद बरणीत ओली माती, पट्टीचे तुकडे आणि चुन्याच्या निवळीची वाटी ठेवली, तर बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचाही माग लागेल. मात्र पट्टी नसलेली तशीच दुसरी बरणी शेजारी हवी. मातीतील जिवाणू पट्टीवाचूनही श्वास घेतातच.

कुजणाऱ्या पॉलिएस्टरांत खनिज मिसळण्याचे संशोधन टाकाऊ आहे, असा या लेखाचा अर्थ कोणी घेऊ नये. ऑक्सिजनची वाट लांबवणारे पातळ वेष्टन, हंगाम संपल्यावर जमिनीत मिसळावे असे शेतातील आच्छादन, हाड जुळेपर्यंत टिकणारा आणि मग विरणारा स्क्रू, अशी कामे त्यातून साधण्याजोगी आहेत. पण प्रत्येक ठिकाणी जागा वेगळी, तापमान वेगळे आणि हवा असलेला कालावधीही वेगळा. पुढच्या वेळी विद्यार्थ्याने मातीत विरघळणाऱ्या प्लॅस्टिकविषयी विचारले, तर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी त्यालाच विचारावे : कोणत्या मातीत, किती तापमानाला, किती दिवसांत, आणि शेवटी काय उरले? उत्तरे छापील वेष्टनावर नसतील, तर ती शोधायला त्याला कुंडीपाशी न्यावे.